शेपटीवर बसलेलं विमान

वजनकाकांना बसता येत नसे. दुखत काही नव्हतं. गुडघे, कंबर, सगळं ठणठणीत. पण खुर्चीला पाठ टेकते न टेकते तोच त्यांना काहीतरी आठवायचं. गॅलरीचं दार लावलं की नाही, खालच्या पेटीत टपाल आलं की नाही, न्हाणीतला नळ अजून ठिबकतोय की थांबला. ते उठायचे, बघून यायचे, आणि येताना वाटेत आणखी एखादं काम त्यांना भेटायचं. त्यांचा अर्धा प्यालेला चहा घरात कुठेही सापडे. टीव्हीच्या मागे, बेसिनच्या कडेवर, एकदा तर चपलांच्या कपाटात. काकू म्हणत, लग्नात मला यांच्याकडून काय मिळालं ते सांगू का, गार चहा.

उभी हयात त्यांनी विमानतळावर काढली होती. कुठल्या विमानाच्या पोटात किती सामान चढवायचं, आणि ते पुढच्या कप्प्यात ठेवायचं की मागच्या, हे ठरवण्याचं त्यांचं काम. पुढे भार जास्त झाला तर विमान नाक उचलत नाही, मागे जास्त झाला तर नाक खाली येत नाही, हे ते कुणालाही समजावून सांगत, अगदी भाजीवाल्यालासुद्धा. हमालांनी त्यांना वजनकाका म्हणायला सुरुवात केली, ते नाव घरापर्यंत आलं, आणि त्यांची बायको आपोआप सगळ्यांची काकू झाली. त्या नोकरीत त्यांचा स्वभाव खपून गेला. उन्हावाऱ्यात, इंजिनांच्या गोंगाटात, या विमानाकडून त्या विमानाकडे नुसती पळापळ. बसलेल्या माणसाचं तिथे कामच नव्हतं.

ते निवृत्त झाले आणि ती सगळी पळापळ दोन खोल्यांच्या घरात येऊन पडली.

काकूंची नोकरी अजून चालू होती. पडदे शिवण्याच्या कारखान्यात त्यांच्याकडे शेवटचं काम असे. पडद्याच्या खालच्या दुमडीत शिशाच्या मण्यांची बारीक माळ सरकवायची आणि वरून हातानं टाके घालायचे. माळ असली की पडदा सरळ पडतो, वाऱ्यानं फडफडत नाही. कामाचा ढीग झाला की त्या माळेची गुंडाळी आणि पडदे घरी आणत, आणि संध्याकाळी जेवणाच्या टेबलाशी टाके घालत बसत. बसल्या की बसल्या. नवरा भोवती फिरत राही, आणि त्या मान वर न करता म्हणत, "दिव्यासमोरून जाऊ नका, सावली पडते."

त्या थंडीत एका सकाळी काकूंच्या हाताला उजव्या छातीच्या कडेला गाठ लागली. तपासण्या झाल्या, सुई घालून नमुना घेतला गेला, आणि डॉक्टरीणबाईंनी समोरचं पेन सरळ करत सांगितलं की कॅन्सर आहे, गाठ काढून टाकायची, पुढचं काय ते त्यानंतर ठरेल. खाट रिकामी व्हायला महिना-दीड महिना लागणार होता. हे सगळं चाललं असताना वजनकाका खिडकीशी उभे होते. खिडकीची कडी सैल झाली होती, ती ते बोटांनी आवळत होते.

घरी आल्यावर काकू चपला न काढताच टेबलाशी बसल्या आणि म्हणाल्या, "माझी एकच अट आहे. मी शुद्धीवर येईन तेव्हा तुम्ही माझ्या शेजारी स्टुलावर बसलेले पाहिजेत. बाहेर फेऱ्या मारताना नकोत, चहाला गेलेले नकोत. बसलेले."

त्यात काय, बसेन की, असं वजनकाका म्हणाले. म्हणताना ते उभे होते.

अट उगाच सुचलेली नव्हती. लेक झाली तेव्हा नर्स बातमी सांगायला बाहेर आली तर बाप गायब. फेऱ्या मारता मारता तो हॉस्पिटलच्या फाटकातून बाहेर पडून दोन बसथांबे पुढे गेला होता. तो किस्सा घरात हसून सांगितला जाई. दुसरा किस्सा कुणी सांगत नसे. सासूबाई गेल्या तेव्हा त्यांचा हात काकूंच्या हातात होता आणि त्यांचा मुलगा, "आलोच" म्हणून गेलेला, जिन्यात होता. तेव्हापासून नवऱ्याच्या "आलोच"ला काकू कधी "हो" म्हणत नसत.

दोन-चार दिवस काकूंनी बघितलं. आजाराच्या बातमीनं माणूस आणखीच भिरभिरला होता. जेवताना घास हातात घेऊन गॅलरीत जाई. पहाटे उठून कपाटातले डबे पुसत बसे, म्हणजे उभं राहून पुसे. अशा माणसाला महिन्याभरात बसायला शिकवायचं कसं, हाच विचार डोक्यात असताना त्या कारखान्याच्या माणसाबरोबर एका गिऱ्हाइकाकडे पडदे टांगायला गेल्या. तिथल्या बैठकीत छताला प्लॅस्टिकचं विमान टांगलेलं होतं, पंख चांगले हातभर लांबीचे. घरमालक कौतुकानं सांगू लागला की एकेक खिळासुद्धा दिसतो बघा, सगळं मी घरी जोडलंय. काकूंनी खिळे बघितले नाहीत. त्यांनी विचारलं, याला बसावं किती लागलं? तो म्हणाला, बाई, पाठ मोडली. काकूंनी लगेच दुकानाचा पत्ता विचारून घेतला.

खोकं बाळाच्या पाळण्याएवढं होतं. वरच्या चित्रात दोन पंख्यांचं जुनं मालवाहू विमान, मागचं दार उघडं.

"हे काय आणलंस?"

"विमान. तुमच्या ओळखीतलं."

"खेळणं आहे हे, अगं."

"बसून करायचं खेळणं आहे," काकू म्हणाल्या. "मी आत जायच्या आधी पुरं झालं पाहिजे. टेबल तुमचं. जेवण आपण मांडीवर घेऊन जेवू."

खोक्यातून करड्या प्लॅस्टिकच्या चौकटी निघाल्या, आणि प्रत्येक चौकटीला वेलीला शेंगा लागाव्या तसे बारीक बारीक भाग. एकेक भाग कटरनं तोडायचा, देठाची खूण पॉलिश पेपरनं घासायची, ब्रशनं पातळ सोल्युशन लावायचं आणि दुसऱ्या भागाशी धरून बसायचं. ते सोल्युशन प्लॅस्टिकच वितळवतं, त्यामुळे हात हलला की जोड वाकडा. पहिले काही दिवस वजनकाकांनी एक भाग तोडावा, उठावं, पाणी प्यावं, परत येऊन बघावं तर भाग नाही. वैमानिकाची खुर्ची काकूंच्या सपातेत सापडली. सुकाणूचं चाक केरातून निघालं. एक पंखा दोनदा चिकटवावा लागला, कारण तो हातात धरून ते फाटक वाजलं का बघायला गेले होते.

मग काकूंनी कारखान्यातून एक नापास पडदा आणला. त्याची एक कड टेबलाच्या खालच्या बाजूला चिकटपट्टीनं पक्की केली आणि दुसऱ्या टोकाला नाड्या शिवून त्या नवऱ्याच्या मानेमागे बांधल्या. आता भाग निसटला तरी तो झोळीत पडणार होता. आणि उठायचं तर आधी मानेमागची गाठ सोडावी लागणार होती.

"गुरासारखं बांधतेस," वजनकाका म्हणाले.

"गुरं रवंथ करत बसतात तरी."

काकूंचा धाकटा भाऊ बहिणीची विचारपूस करायला आला तो दारातच थबकला. गळ्यात पडदा, डोळ्यांवर दोन चष्मे एकावर एक, हातात चिमटा. "भाऊजी, दाढी करायला बसलात की केस कापायला?" असं म्हणून तो पोट धरून हसला. हा मेहुणा बसण्यात पटाईत होता. सोफ्यात एकदा रुतला की जेवल्याशिवाय उठत नसे. जाताना बहिणीला म्हणाला, ताई, काही लागलं तर सांग, मी आहे. काकू म्हणाल्या, सांगेन.

हळूहळू ती गाठ सोडायचा वजनकाकांना कंटाळा येऊ लागला. पाय टेबलाखाली नाचत, टाच फरशीवर टकटक करी, पण वरचा अर्धा माणूस जागेवर राही. मालवाहू कप्प्याची फरशी जोडताना तर त्यांना जेवणासाठी हाका माराव्या लागल्या. सामान बांधायच्या कड्या, कडेची घसरपट्टी, मागच्या दाराचा उतार, सगळं ते ओळखीच्या माणसाकडे बघावं तसं बघत होते. काकू समोर बसून टाके घालत. दोघांमध्ये शिशाच्या माळेची गुंडाळी आणि सोल्युशनची बाटली. बोलणं फारसं होत नसे. कधी काकू सुई थांबवून उजवा हात काखेपाशी नेत, आणि वजनकाकांची टाच तेवढ्यापुरती थांबे.

लेक दूर राहायची, पदरात तान्हं मूल. रोज फोन करायची. एकदा वजनकाकांनी तिला फोनवर बराच वेळ विमानाचं नाक समजावून सांगितलं. हे विमान तीन चाकांवर उभं राहतं, एक पुढे नि दोन मागे. पण प्लॅस्टिकचं विमान आतून पोकळ, पुढे खरी यंत्रं नाहीत, म्हणून शेपूट जड पडते आणि ते मागे बसतं. त्यासाठी धडाचे दोन अर्धे मिटायच्या आधी नाकात वजन भरून घ्यायचं. पुस्तिकेत वजनाचा आकडा दिलाय, पण तो चुकलाय, कारण मागचं दार उघडं ठेवलं तर भार आणखी मागे जातो. "छापणाऱ्यानं कधी विमान भरलंय का?" असं त्यांनी विचारलं. लेक म्हणाली, बाबा, तुम्ही बसून बोलताय का? आवाज एका जागेवरून येतोय.

त्यांनी मासे पकडायच्या सामानाच्या दुकानातून गळाला लावायचं शिसं आणलं, स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोललं, त्यावर थोडं जास्तीचं घातलं, आणि एका वाटीत भरून वाटी टेबलाजवळच्या खिडकीत ठेवली.

धड मिटायच्या दिवशी सकाळीच हॉस्पिटलमधून फोन आला. खाट लवकर रिकामी होत होती. येत्या आठवड्यातच यायचं. काकूंनी "बरं" म्हणून फोन ठेवला आणि नवऱ्याला सांगितलं. वजनकाकांनी मानेमागची गाठ सोडली. दिवसभर ते कुठे चालत होते कोण जाणे. तिन्हीसांजेला आले ते बुटांसकट टेबलाशी बसले, धडाच्या दोन्ही अर्ध्यांना भराभर सोल्युशन लावलं, मिटवले, आणि कपडे वाळत घालायचे घरातले सगळे चिमटे नि रबरबँड लावून टाकले. आता दिवस थोडे होते. पंख, इंजिनं, रंग, सगळं व्हायचं होतं. खिडकी लावायची म्हणून काकूंनी दुपारीच वाटी उचलून फडताळात चहाच्या डब्यामागे ठेवली होती. वजनकाकांना वाटीची आठवण झाली नाही. नाकात वजन घालायचं हे जगाला सांगत फिरलेला माणूस, आणि त्याचंच नाक रिकामं राहिलं.

पुढचे दिवस घरात रंगाचा वास भरून राहिला. गळ्यात बांधायचा पडदाही जरा करडा झाला. हॉस्पिटलात जायच्या आदल्या दिवशी दुपारी शेवटचं चाक बसलं. वजनकाकांनी नाड्या सोडल्या, टेबल पुसलं, काकूंना हाक मारली. काकू पिशवी भरत होत्या, त्या हातात टॉवेल घेऊनच आल्या. वजनकाकांनी दोन्ही हातांनी विमान उचललं, अलगद तीन चाकांवर ठेवलं आणि हात काढून घेतले.

नाक वर गेलं. सावकाश, पण न थांबता. शेपूट टेबलावर टेकली, आणि पुढचं चाक हवेत फिरत राहिलं.

वजनकाकांनी नाक दाबून खाली आणलं. सोडलं. परत वर. दोनदा, तीनदा केलं. मग ते पुतळ्यासारखे उभे राहिले. जन्मात असं त्यांच्या हातून झालं नव्हतं. खरी विमानं, भरलेली, माणसांची, एकदाही नाही.

"वाटी कुठाय?" त्यांनी विचारलं.

काकूंनी फडताळातून वाटी आणली. शिसं त्यात तसंच होतं.

"तू उचललीस. मला न विचारता. माझ्या डोळ्यांसमोर असती तर हे झालं नसतं. प्रत्येक वस्तू आवरायची काय घाई असते तुला?"

काकूंनी वाटीकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं. उद्या त्यांना कापणार होते आणि हा माणूस वाटीवरून भांडत होता. त्या काही बोलायच्या आत वजनकाका "आलोच" म्हणून बाहेर पडलेसुद्धा.

ते शाळेच्या भिंतीकडेनं गेले, गॅरेजांच्या गल्लीतून गेले, बंद पेट्रोलपंपाला वळसा घालून आले. पाय चालत होते आणि डोळ्यांसमोर ते चाक हवेत फिरत होतं. कुठल्याशा वळणावर त्यांना आपलाच शब्द ऐकू आला, मघाशी दारातून बाहेर पडताना टाकलेला. त्यांना आईचा जिना आठवला. ते तिथेच फिरले आणि जवळजवळ पळत घरी आले.

काकू टेबलाशी बसल्या होत्या. पिशवी भरून दाराशी ठेवलेली. विमान अजून शेपटीवरच होतं. वजनकाका माफीचं काहीतरी बोलू लागले.

"राहू द्या," काकू म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता, दमलेला होता. "वाटी मी उचलली, मान्य. पण मी एक ठरवलंय. उद्या तुम्ही नाही बसलात तरी चालेल. भावाला फोन केलाय. तो बसेल स्टुलावर."

"त्याला कशाला सांगितलंस? मी बसतो म्हटलंय ना."

"तुम्ही म्हणता. त्याला बसता येतं."

वजनकाकांनी खुर्ची ओढली आणि समोर बसले. हात सवयीनं मानेमागे गेला. तिथे नाड्या नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी काकूंना सकाळीच आत नेलं. दार बंद झालं आणि वजनकाकांच्या पायांनी ताबा घेतला. बाहेरचा व्हरांडा लांब होता, फरशी गुळगुळीत, आणि तिथे त्यांच्यासारखे आणखीही होते. एकमेकांना ओलांडताना ते मान हलवत. एकानं तर म्हटलं, चला, खाली जाऊन येऊ, आत वेळ लागतो. वजनकाका नको म्हणाले, पण थांबलेही नाहीत. मेहुणा बाकावर पाय पसरून निवांत होता.

दुपारी काकूंना वॉर्डात आणून निजवलं. गुंगीत होत्या, चेहरा पिवळट, हाताला नळी. नर्सनं सांगितलं की जवळ एकानंच बसायचं. मेहुणा उठला, आत गेला आणि स्टुलावर बसला. ठरल्याप्रमाणे.

वजनकाकांनी व्हरांड्याची एक फेरी पुरी केली आणि दाराच्या काचेतून आत पाहिलं. मेहुणा पायावर पाय टाकून, पाठ भिंतीला लावून, फोन बघत बसला होता. किती आरामात बसला होता. तो तिथे उद्यापर्यंतही बसला असता. वजनकाका आणखी एक फेरी मारायला वळले, चार पावलं गेले आणि परत आले. ते दार ढकलून आत शिरले.

"ऊठ," ते हळू आवाजात म्हणाले.

"अहो भाऊजी, असू द्या. ताईनं मला सांगितलंय. तुमची नुसती घालमेल होईल."

"होऊ दे. ऊठ. ती माझी जागा आहे."

मेहुण्यानं त्यांच्याकडे पाहिलं आणि तो उठला.

स्टूल लोखंडी होतं, त्याचा एक पाय आखूड. वजनकाका बसले. लगेच त्यांना दिसलं की खाटेखाली पिशवी तिरपी आहे, कोपऱ्यातला पंखा कुरकुरतोय, समोरच्या रुग्णाच्या नळीतून थेंब पडणं मघापेक्षा हळू झालंय. मांड्यांमधून मुंग्या चढल्या. टाच टकटकू लागली. शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीनं डोळे उघडून तिकडे पाहिलं, तेव्हा त्यांनी बूट काढून ठेवले. मग त्यांनी दोन्ही हातांनी खाटेची कड धरली, लांब जोडाला सोल्युशन लावल्यावर धरत तशी, आणि मनाशी म्हणाले, ओलं आहे अजून, सोडायचं नाही. नर्स आली, बाटली बदलून गेली. मेहुणा दारातून चहाचा कप दाखवून गेला. उन्हाचा पट्टा खाटेवरून भिंतीवर गेला. त्यांच्या पाठीला घाम आला, एकदा तर ते अर्धे उठलेही. पण हात कडेवरच होते, आणि हात सुटेनात म्हणून बाकीचा माणूस खाली आला.

काकूंनी डोळे उघडले ते आधी स्टुलाकडे वळवले. बराच वेळ त्या बघत राहिल्या, ओळख पटत नसल्यासारख्या.

"कधी आलात?" त्यांनी विचारलं. घसा कोरडा पडला होता.

"गेलोच नव्हतो," वजनकाका म्हणाले. मग खरं ते सांगावं म्हणून म्हणाले, "थोडा वेळ तुझा भाऊ बसला होता. उठवला त्याला."

काकूंनी डोळे मिटले. "विमान?" त्यांनी डोळे न उघडता विचारलं.

"आहे तसंच आहे."

घरी आल्यावरही ते तसंच होतं. काकूंचा उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता, कुशीवर वळता येत नव्हतं, आणि त्यांची चिडचिड वाढली होती. वजनकाकांनी करवतीचं पान आणून नाक कापून काढायचा बेत केला, कारण गळाचं शिसं आत जाईल एवढं भोक कुठेच नव्हतं. काकू दोन दिवस हे ऐकत होत्या. तिसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, माझी कामाची पिशवी द्या इकडे. पिशवीतून त्यांनी शिशाच्या माळेची गुंडाळी काढली, तिचं टोक डाव्या हाताच्या चिमटीत धरलं आणि विचारलं, "हे मावेल एवढं भोक पाडता येईल का?"

पुढच्या चाकाच्या कप्प्यात, आतल्या भिंतीला वजनकाकांनी बारीक भोक पाडलं. काकू समोर बसल्या. ते विमान उताणं धरून बसले आणि त्या डाव्या हातानं माळ आत सोडू लागल्या, मण्यामागून मणी, पडद्याच्या दुमडीत सोडतात तशी. मध्येच माळ अडायची, मग विमान जरा हलवायचं, की ती आत घरंगळायची. बरीचशी गेल्यावर त्यांनी विमान सुलटं करून ठेवून पाहिलं. नाक वर गेलं, पण आळसावल्यासारखं. आणखी थोडी माळ गेली. या खेपेला नाक वर जाता जाता थबकलं, विचारात पडलं आणि खाली आलं. टक् असा आवाज झाला. तीन चाकं टेबलावर. काकूंनी उरलेली माळ दातानं तोडली.

त्याच आठवड्यात काढलेल्या गाठीचा रिपोर्ट आला. या वेळी वजनकाका डॉक्टरीणबाईंच्या समोरच्या खुर्चीत होते. खिडकीची कडी अजून सैलच होती, तिच्याकडे त्यांनी दोनदा पाहिलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की गाठ पुरती निघाली आहे, पण बगलेतही थोडं सापडलंय, त्यामुळे सलाइनमधून औषधं द्यावी लागतील. काही महिने चालेल. दर वेळी अर्धा दिवस खुर्चीत बसून राहायचं, दुसरं काही करायचं नाही. बाहेर आल्यावर काकू म्हणाल्या, तुम्ही सोडायला या आणि न्यायला या. मधे घरी जा. एवढ्या वेळा एवढं बसणं तुम्हाला नाही जमायचं, आणि मला ते बघायचं नाही. कारखान्याचीही त्यांना काळजी होती. हात चालेना, पडदे तुंबलेले, आणि मालकीण किती दिवस थांबणार.

विमान वजनकाकांनी कपाटावर ठेवलं होतं. येता-जाता ते त्याच्या शेपटीला बोट लावून बघत, नाक उठत तर नाही ना. त्या दिवशी संध्याकाळी त्यांनी काकूंच्या पिशवीतून एक पडदा, माळ आणि सुई काढली आणि टेबलाशी बसून विचारलं, "सुरुवात कुठून करायची?"

पहिल्या सलाइनच्या दिवशी मोठ्या दालनात ओळीनं टेकायच्या खुर्च्या होत्या आणि प्रत्येकीशेजारी एक स्टूल. काकूंच्या हाताला सुई लागली, थेंब सुरू झाले. वजनकाकांनी पिशवीतून पडदा काढून मांडीवर पसरला, दोन्ही चष्मे चढवले, माळ दुमडीत सरकवली आणि टाके घालायला लागले. पडदा जड होता, माळेचं वजन गुडघ्यांवर पडत होतं. तरी एक टाच टकटक करतच होती. आजूबाजूच्या बायका चोरून बघत होत्या. एक जण हसली, आणि तिनं आपल्या नवऱ्याला कोपरानं ढोसलं.

दुपारी नर्स बाटली बघायला आली. तिला त्यांची कीव आली असावी. ती म्हणाली, काका, अजून वेळ आहे, जरा बाहेर चक्कर मारून या, पाय मोकळे होतील.

वजनकाकांनी दाराकडे पाहिलं. पाय केव्हाच निघाले होते.

"नको," ते म्हणाले. "आता उठलो तर टाका सुटेल."

"सुटलाच आहे," काकू डोळे किलकिले करून म्हणाल्या. "तो तिसरा. आणि पुढचेही सगळे वाकडे आहेत. उसवा, परत घाला."